गुळगुळीत टायर आणि निसरडा रस्ता

मराठीत ‘गुळगुळीत’ हे विशेषण स्वभावतः दूषणाचे नाही. नदीतला गोटा, घोटलेली भिंत, रंधा मारलेली फळी यांना ते लावले असता त्यातून पसंतीच व्यक्त होते. हेच विशेषण टायरला लावले की मात्र त्याचा अर्थ पालटतो. ‘टायर गुळगुळीत झाला’ म्हणजे तो झिजला, निकामी झाला, आता बदलावयास हवा, असे ऐकणारा निःशंकपणे समजतो. मोटारींच्या व्यवहारात हा अर्थ रूढ झाला आणि तेथे तो यथार्थही आहे. परंतु शब्द एका व्यवहारातून दुसऱ्यात शिरतो तेव्हा जुनी समजूतही सोबत घेऊन जातो. शर्यतीच्या धर्तीच्या हलक्या व अरुंद चाकांच्या सायकलीसाठी, म्हणजे जिला आज सर्वत्र ‘रोड बाइक’ म्हणतात तिच्यासाठी, पावसाळ्यापूर्वी टायर घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात प्रथम नक्षी पाहतो. खाचा जितक्या खोल तितकी पकड पक्की, असे गृहीत धरून तो टायर घेतो आणि ओल्या वळणावर त्या भरवशाने सायकल कलवतो. हे गृहीत चुकीचे आहे, आणि त्याची किंमत कोपर व गुडघा यांना मोजावी लागते.

मोटारीच्या टायरवरील खाचांचे कार्य कोणते, हे प्रथम पाहिले पाहिजे. मोटारीचा टायर रुंद व सपाट असतो. साचलेल्या पाण्यावरून तो वेगाने जाऊ लागला की पुढ्यातील पाणी बाजूस सरण्यास अवधी मिळत नाही. पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. खाचा या पाण्याला वाट काढून देतात. हा प्रकार कोणत्या वेगास घडतो, याचा अभ्यास विमानांच्या चाकांच्या संदर्भात अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेत १९६०च्या सुमारास झाला. वॉल्टर हॉर्न व त्यांचे सहकारी यांनी त्यातून काढलेला नियम अतिशय सुटसुटीत आहे. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास जितके पौंड असेल त्याचे वर्गमूळ काढावे व त्यास सुमारे १६.७ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे तरंगण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. पाण्याची खोली खाचांच्या खोलीहून अधिक असते, म्हणजे खाचांचा उपयोग संपलेला असतो, त्या स्थितीला हा नियम लागू पडतो.

मोटारीच्या टायरात ३० पौंड दाब धरल्यास हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. मोटार त्या वेगाने धावते. तेव्हा तिला खाचा हव्यात, हे उघड आहे. सायकलीच्या टायरात ८० पौंड दाब धरल्यास तोच वेग १५० च्या घरात जातो. सपाट रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस आणि घाटाच्या उतारावर फार तर साठ किलोमीटर वेग गाठणाऱ्या स्वाराचे चाक पाण्यावर तरंगण्याचा संभव म्हणूनच व्यवहारतः उरत नाही. त्यातून सायकलीचा टायर गोलसर; रस्त्यावर टेकणारा त्याचा भाग होडीच्या तळासारखा लांबट व चिंचोळा असल्याने पाणी आपोआप दोहो बाजूंस कापले जाते. डांबरी रस्त्यासाठी असलेल्या सायकल-टायरवर ज्या बारीक रेषा दिसतात त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचे समाधान करतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. चिखल, गवत किंवा कच्ची पायवाट यांची गोष्ट निराळी. तेथे उंच गाठी मऊ जमिनीत रुततात व धरून ठेवतात. डांबर टायरला रुतू देत नाही; तेथे गाठी उलट वाकतात, आणि खाचांमुळे रस्त्याला भिडणारे रबर तेवढे कमी होते.

मग ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ती का? याचे उत्तर रबर आणि रस्ता यांच्या संबंधात आहे. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टीस मराठीत ‘धाव’ हा सुरेख शब्द होता. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉपने हवा भरलेला टायर सिद्ध केल्यानंतर जे नवे चाक जगभर पसरले, त्याच्याबरोबर मात्र परकी संज्ञाच आली. धाव रस्त्यावरून नुसती फिरे. रबर रस्त्याशी दोन प्रकारे सलगी करते. एक तर ते पृष्ठभागास सूक्ष्म प्रमाणात चिकटते. दुसरे असे की, खडीच्या बारीक टोकांवर ते दबते, त्यांच्या आकाराचे होते आणि पूर्ववत होताना थोडी शक्ती आतल्या आत जिरवते. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की पहिला संबंध बराच दुबळा होतो. दुसरा टिकतो, आणि पावसातील पकड मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून टायर निवडताना पहिला प्रश्न रबराच्या मिश्रणाचा.

रबरात काजळी मिसळली असता ते टिकाऊ होते, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. काजळीच्या काही अंशाऐवजी सिलिका घातल्यास ओल्या रस्त्यावरील पकड वाढते आणि तरीही चाक जड फिरत नाही, हा शोध १९९०नंतर मोटारींच्या टायरांत रूढ झाला व पुढे सायकलीकडे आला. आज नामांकित उत्पादकांचे वरच्या श्रेणीचे टायर अशाच मिश्रणांचे असतात. स्वस्त व दीर्घायुषी टायर बहुधा कठीण रबराचा असतो. तो हजारो किलोमीटर टिकतो आणि नेमका पावसात दगा देतो. मऊ रबर लवकर झिजते, ही त्याची उणीव खरी. पण चार महिन्यांच्या पावसासाठी ती पत्करावी. जुना साठा मात्र घेऊ नये. दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला टायर दिसावयास नवा असला तरी त्याचे रबर ताठरलेले असते, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागल्या असतील तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. युरोपात हिवाळ्यासाठी म्हणून जे खास टायर विकले जातात त्यांचा मोह महाराष्ट्रात बाळगू नये. थंडीत कडक न होणारे रबर हे त्यांचे एक मुख्य वैशिष्ट्य असते, आणि येथील पावसाळा ओला असला तरी गारठ्याचा नसतो.

दुसरा प्रश्न रुंदीचा, व तो दाबापासून वेगळा काढता येत नाही. रस्त्यावर टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ ढोबळ मानाने भार भागिले दाब इतके असते. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम आणि त्यांपैकी मागील चाकावर ४५ धरले, तर १०० पौंड दाबाच्या २३ मिलिमीटर टायरचे सुमारे साडेसहा चौरस सेंटिमीटर रबर रस्त्यास भिडते. ७० पौंडांच्या २८ मिलिमीटर टायरचे नऊहून थोडे अधिक. शिवाय कमी दाबाचा टायर खडबडीत रस्त्यावर उसळत नाही, आणि जे चाक उसळते ते त्या क्षणापुरते काहीच धरून ठेवीत नाही. एकेकाळी व्यावसायिक स्वारही २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक फुगवीत. आज तेच २८ किंवा त्याहून रुंद टायर वापरतात आणि पाऊस आला की दाब आणखी उतरवतात. सामान्य स्वाराने नेहमीच्या दाबात दहाव्या हिश्श्याची घट करून पाहावी. त्याहून फार खाली गेल्यास खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते. ट्यूबविरहित टायरात ही भीती बरीच कमी. रुंद टायर घेण्यापूर्वी चौकटीत व मडगार्डखाली जागा पुरते की नाही, हे मोजून पाहणे अगत्याचे आहे, कारण पावसात चिकटलेल्या वाळूलाही थोडी जागा लागते.

मापाच्या परिभाषेविषयी येथे दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. टायरवर ‘७०० × २८ सी’ असे लिहिलेले असते. यातील ७०० हा आकडा पूर्वीच्या एका विशिष्ट जाडीच्या टायरचा बाहेरील व्यास होता. ‘सी’ हे अक्षर त्या जुन्या फ्रेंच पद्धतीतील रुंदीचे चिन्ह. आज दोन्ही नुसती नावे म्हणून उरली आहेत, मोजून पाहिल्यास हाती काही लागत नाही. ‘२८–६२२’ हे शेजारचे लेखन मात्र प्रामाणिक आहे. रुंदी २८ आणि टायरची कड रिमवर जेथे बसते तेथील व्यास ६२२ मिलिमीटर. खरेदी या आकड्यावरून करावी.

पावसात पंक्चर अधिक होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वाहते पाणी काचा व खडे रस्त्याच्या कडेस आणून टाकते आणि ओले रबर सुक्याहून सहज कापले जाते. यासाठी नक्षीखाली चिवट धाग्यांचा पट्टा असलेला टायर घ्यावा. तो पट्टा मध्यभागापुरता असलेला बरा. बाजूच्या भिंतीही जाड केलेला टायर नीट दबत नाही, आणि न दबणारा टायर पकडीत उणा पडतो.

इतके करूनही टायरच्या सामर्थ्यास एक सीमा आहे. २९ ऑगस्ट २०२० रोजी नीस येथे तूर द फ्रान्सच्या पहिल्या टप्प्यात, दीर्घकाळ कोरड्या राहिलेल्या रस्त्यांवर पाऊस आला. जगातील उत्कृष्ट टायर असलेले स्वार एकामागून एक पडू लागले, तेव्हा टोनी मार्टिन या ज्येष्ठ स्वाराने हात पसरून सर्वांस वेग कमी करावयास लावले. साचलेले तेल व धूळ पहिल्या सरीत कालवली जाऊन जो लेप तयार होतो त्याला ‘निसरडा’पेक्षा ‘बुळबुळीत’ हा शब्द अधिक चपखल बसतो. जूनमधील पहिल्या पावसात पुण्याच्या वा मुंबईच्या रस्त्यांवर हाच लेप असतो. चांगला मुसळधार पाऊस त्याला धुऊन नेतो. रंगविलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेल्वेचे रूळ आणि घाटातील शेवाळलेली कड यांवर तर रबराला दबावयास टोकेच सापडत नाहीत. तेथे सायकल सरळ ठेवावी, ब्रेक सोडावा आणि रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत.

राहिला प्रश्न टायर कधी बदलावा याचा. गुळगुळीतपणा ही येथे खूण होऊ शकत नाही, कारण चांगला टायर पहिल्या दिवसापासूनच गुळगुळीत असतो. मागील टायरची गोलाई जाऊन मध्ये सपाट पट्टा पडला, उत्पादकाने झीज दाखविण्यासाठी ठेवलेले बारीक खळगे बुजले किंवा रबरातून धागे डोकावू लागले, म्हणजे त्याचे आयुष्य संपले. अशा टायरला ‘चपटा’ म्हणावे. मागचा टायर अशा रीतीने आधी जातो. तेव्हा पुढचा काढून मागे घालावा आणि नवा पुढे बसवावा, कारण ओल्या वळणावर पुढचे चाक सुटले तर सावरण्यास वेळ मिळत नाही.