अंबरनाथ शिवालय

अंबरनाथ शिवालय : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील अकराव्या शतकातील प्रसिद्ध शिवमंदिर. उत्तर कोकणच्या शिलाहार राजवटीतील उपलब्ध वास्तूंमध्ये ते अग्रगण्य असून, निश्चित काल ज्ञात असलेल्या भूमिज शैलीतील प्रारंभीच्या मंदिरांत त्याची गणना होते. त्यावरील कोरीव लेखामुळे त्याचा काल व त्याशी संबंधित राजे माहीत झाले आहेत. लोकपरंपरेत मात्र ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेले मंदिर म्हणून ओळखले जाते.

स्थान व नाव : मंदिर अंबरनाथ रेल्वेस्थानकाच्या पूर्वेस सु. २ किमी. अंतरावर, वालधुनी या उल्हास नदीच्या उपनदीकाठी सखल जागी वसले आहे. मुंबईहून लोहमार्गाने अंबरनाथ सु. ६० किमी., तर डोंबिवलीहून सु. १२ किमी. असून वाटेत ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी व उल्हासनगर ही स्थानके लागतात. डोंबिवली-कल्याण परिसरातील भाविक श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस येथे दर्शनास येतात.

मंदिरातील कोरीव लेखात देवाचे नाव ‘आम्रनाथ’ असे आले आहे. म्हणजे नावाचा मूळ संबंध आम्र अर्थात आंबा या शब्दाशी दिसतो. पुढे त्याचे ‘अंबरनाथ’ झाले आणि अंबर म्हणजे आकाश हा अर्थ रूढ झाला. गाभाऱ्यावर छत नसल्याने आकाश हेच ज्याचे आच्छादन तो अंबरनाथ, ही व्युत्पत्ती लोकांना सहज पटण्यासारखी होती. देवास ‘अंबरेश्वर’ असेही म्हणतात.

कोरीव लेख व काल : मंदिराच्या उत्तर दरवाजावरील तुळईच्या आतील बाजूस संस्कृत लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला, तेव्हा त्यातील काल शके ७८२ (इ. स. ८६०) असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाची पुन्हा तपासणी करून पहिला अंक सात नसून नऊ आहे असे दाखविले. त्यामुळे काल शके ९८२ (इ. स. १०६०) असा निश्चित झाला आणि तो सर्वमान्य आहे. एका अस्पष्ट अंकामुळे मंदिराचे वय दोनशे वर्षांनी वाढले होते. त्या वाचनानुसार ते शिलाहार राजवटीच्या आरंभकाळातील ठरले असते आणि पश्चिम भारतातील मंदिरशैलींचा कालक्रमच विस्कळीत झाला असता.

लेखात महामंडलेश्वर माम्वाणिराज याचे नाव असून त्याच्या मंत्र्यांची नावेही दिली आहेत. हा राजा म्हणजेच शिलाहार मुम्मुणी (कार. सु. १०४५–७०). त्याचा वडील भाऊ छित्तराज (कार. सु. १०२२–३५) याचाही लेखात उल्लेख येतो. त्यावरून बांधकामास छित्तराजाने प्रारंभ केला असावा व मुम्मुणीच्या वेळी ते पूर्णत्वास गेले असावे, असे सामान्यतः मानले जाते. छित्तराजाचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट भांडुप येथे मिळाला असून स्थानक (ठाणे) हे या घराण्याच्या सत्तेचे प्रमुख केंद्र होते. कल्याणचे प्राचीन बंदर व उल्हास खाडीतून चालणारा व्यापार यांमुळे प्रदेशाला समृद्धी होती. अशा मोठ्या बांधकामामागे हे पाठबळ असणे स्वाभाविक आहे.

स्थापत्य : मंदिर स्थानिक काळ्या बेसाल्ट दगडात चुन्याविना, दगडावर दगड नेमका बसवून बांधले आहे. ते पश्चिमाभिमुख असून गर्भगृह व सभामंडप ही त्याची मुख्य अंगे होत. सभामंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण या दिशांना मुखमंडप आहेत. बाह्य भिंतींना असंख्य कोन पाडल्यामुळे पृष्ठभागावर छायाप्रकाशाचे उभे पट्टे उमटतात आणि मूळचा चौरस विधान-आकार प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही.

पश्चिमेकडील मुखमंडपात नंदी आहे. तेथून आत गेल्यावर चार कोरीव स्तंभांवर आधारलेला सभामंडप लागतो. त्याचे वितान आत निमुळत्या होत जाणाऱ्या वर्तुळाकार थरांचे आहे. सभामंडपातून गर्भगृहात जाताना वर चढावे न लागता पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. ही या मंदिराची ठळक विशेषता होय. मंडपातील अंधारातून उतरून आलेला भाविक खोल तळाशी असलेल्या शिवलिंगापुढे उभा राहतो. येथे प्रकाश दारातून नव्हे, तर डोक्यावरील उघड्या भागातून येतो.

शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या चारही दिशांना चैत्यगवाक्षांच्या नक्षीचे उभे पट्टे असतात व त्यांच्या मधल्या जागेत लघुशिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. माळव्यातील परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या ग्रंथात भूमिज प्रासादांचे वर्णन आढळते. परमार उदयादित्याचे उदयपूर (मध्य प्रदेश) येथील उदयेश्वर मंदिर व सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर ही या शैलीची अन्य प्रसिद्ध उदाहरणे होत. अंबरनाथच्या शिखराचा केवळ खालचा भाग आज उभा आहे. तो मुळातच अपुरा राहिला की नंतर ढासळला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

या मंदिरास अनेकदा हेमाडपंती म्हटले जाते. तथापि हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री होता. मंदिर त्याच्यापूर्वी सु. दोनशे वर्षांचे असल्याने, चुन्याविना बांधकाम एवढ्याच अर्थाने ते विशेषण येथे लावता येते.

शिल्पे : जोत्यावर इतर थरांबरोबर गजथर असून त्यावरील भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी व लहान प्रसंगशिल्पे यांची दाटी आहे. नृत्यगणपती, गजासुरवध, शिवपार्वती-विवाह, ब्रह्मदेव, नरसिंह व महाकाली ही त्यांपैकी लक्षणीय शिल्पे होत. मांडीवर स्त्री असलेली एक त्रिमुखी पुरुषमूर्ती प्रसिद्ध असून ती शिवपार्वतीची असावी, असे मत जुन्या अभ्यासकांनी मांडले आहे. पाऊस व ऊन यांमुळे अनेक मूर्तींचे चेहरे व हात झिजले आहेत.

आख्यायिका : पांडव वनवासात या भागात आले असता त्यांनी एकाच प्रचंड शिळेतून एका रात्रीत हे मंदिर घडविण्यास घेतले, पण शिखर पुरे होण्याआधीच उजाडल्याने काम तसेच टाकून ते निघून गेले, अशी कथा सांगितली जाते. त्यांना निसटून जाण्यासाठी येथून एक भुयार होते व ते पुढे बुजले, अशी जोडकथाही प्रचलित आहे. महाभारतात या स्थळाचा उल्लेख नाही. मंदिर एकाच शिळेचे नसून त्याचे सांधे सर्वत्र दिसतात.

असे असले, तरी ही कथा निराधार कल्पना म्हणून सोडून देण्याजोगी नाही. महाराष्ट्रात ज्या पाषाणवास्तूंचे कर्ते विस्मृतीत गेले, त्यांपैकी अनेक पांडवांच्या नावावर जमा झाल्या. नासिकजवळची बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ म्हणून ओळखली जातात, ती याच प्रवृत्तीमुळे. तेराव्या शतकात यादवांनी उत्तर कोकण जिंकून शिलाहारांची सत्ता संपविली. राजवंश लोपला, लेखाची लिपी व भाषा सामान्यांस अपरिचित झाली, परंतु मंदिर व त्यातील पूजा उरली. पाहणाऱ्यास दोन गोष्टी उघड दिसत : सांध्यांत चुना नाही आणि गाभाऱ्यावर माथा नाही. अखंड शिळेची कल्पना पहिलीचे आणि अकाली उजाडलेली पहाट दुसरीचे उत्तर देते. लेखाने कर्ता व काल सांगितला, पण शिखर उघडे का, हे त्यावरून कळत नाही. आख्यायिका त्याच प्रश्नाभोवती रचली गेली आहे.

डोंबिवलीच्या दक्षिणेस कल्याण-शीळ मार्गावरील खिडकाळी येथे तळ्याकाठी असलेल्या खिडकाळेश्वर मंदिराचा संबंधही परंपरा पांडवांशी जोडते. अशा रीतीने परिसरातील जुनी शिवस्थाने एकाच प्रवासकथेत गुंफली गेली आहेत.

शिलाहारांचीही स्वतःची एक वंशकथा होती. एका नागाचे प्राण वाचविण्यासाठी शिळेवर बसून गरुडाला स्वतःचा देह अर्पण करणारा विद्याधर जीमूतवाहन हा आपला मूळपुरुष, असे ते सांगत. ‘शिलाहार’ (शिळेवरील आहार) या नावाचे व त्यांच्या सुवर्णगरुडध्वजाचे स्पष्टीकरण या कथेत मिळते. ताम्रपटांत कोरलेली ही राजकथा आज विद्वानांपुरती उरली आहे, तर पांडवांची कोठेही न कोरलेली कथा जत्रेला येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. [→ शिलाहार घराणे].

अभ्यास व जतन : इ. स. १८६८ मध्ये प्राचीन वास्तूंची चित्रे, छायाचित्रे व साचे तयार करण्याच्या सरकारी योजनेत मुंबई इलाख्यातून या मंदिराची निवड झाली. मुंबईच्या कलाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन शिल्पांची रेखाटने केली व साचे घेतले. हेन्री कझिन्स यांनी मिडीव्हल टेंपल्स ऑफ द डेक्कन (१९३१) या ग्रंथात त्याचे वर्णन केले. कुमुद कानिटकर यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे (२०१३). मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

महाशिवरात्रीस येथे मोठी जत्रा भरते व दर्शनासाठी लांब रांगा लागतात. नित्य पूजा चालू असल्याने मंदिर केवळ पुरावशेष नाही. त्यामुळेच त्याचे जतन अधिक बिकट होते : पाषाण राखण्यासाठी स्पर्श, धूर व पाणी यांपासून दूर ठेवावा लागतो, तर देव भाविकांच्या जवळ असावा लागतो. औद्योगिकीकरण व दाट लोकवस्ती यांमुळे वालधुनीचे पात्र दूषित झाले असून नदी, मंदिर व झाडी यांचे पूर्वीचे साहचर्य उरलेले नाही. शिल्पांचे तपशील झिजत जात असताना जुनी रेखाटने व छायाचित्रे ही केवळ अभ्याससाधने राहिली नसून, मूळ रूपाची साक्ष म्हणून त्यांचे महत्त्व वाढत आहे.