खाणपट्ट्याच्या उत्पन्नांत गांवाचा वाटा

ज्या गांवच्या शिवारांत खाण चालते, तेथील विहिरींचें पाणी खालीं जातें, पिकांवर धूळ बसते व रस्ते जड वाहनांनीं फुटतात. खनिजाचें स्वामित्वधन, ज्यास लोक रॉयल्टी म्हणतात, तें मात्र सरकारी तिजोरींत जमा होतें. मग गांवास काय मिळतें, हें महसुली दप्तरांत वावरलेल्या माणसाच्या रीतीनें आम्ही येथें सांगतों.

१९५७ च्या खाण व खनिज कायद्यांत २०१५ सालीं दुरुस्ती होऊन खाणबाधित जिल्ह्यांत 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' स्थापण्याची तरतूद झाली. पट्टेदारानें स्वामित्वधन भरून शिवाय आणखी रक्कम या प्रतिष्ठानांत भरावयाची असते. कोळसा, लोखंड यांसारख्या प्रमुख खनिजांचा पट्टा १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा असल्यास ती स्वामित्वधनाच्या शेंकडा ३०, व त्यानंतर लिलावानें दिलेला असल्यास शेंकडा १० असते. म्हणजे १,००० रुपये स्वामित्वधनावर जुन्या पट्ट्याचे ३०० व नव्याचे १०० रुपये झाले. गौण खनिजांचा दर राज्य सरकार ठरवितें.

ही रक्कम जमिनीचा मोबदला नव्हे. ती खातेदारांस रोख वांटली जात नाहीं. ती बाधित गांवांतील कामांवर खर्चावयाची असते. पिण्याचें पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण-निवारण इत्यादि अग्रक्रमाच्या कामांस २०१५ च्या नियमांनीं निदान शेंकडा ६० भाग राखला होता. २०२४ सालीं तो ७० झाला. रस्ते, पाटबंधारे, वीज यांचा खर्च उरलेल्या भागांतून होतो. अनुसूचित क्षेत्रांत अशा कामांस ग्रामसभेची मान्यता लागते.

चंद्रपूर-यवतमाळकडील कोळसापट्ट्यांतील शेतकऱ्यांस यांत पुष्कळ लाभ आहे. तथापि बाधित गांवांच्या यादींत नांव नसेल, तर खाण बांधाला लागून असूनहि मागणी मागें पडते. म्हणून प्रथम ती यादी पाहावी व नांव नसल्यास जिल्हाधिकारी कचेरींत लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. नंतर ग्रामसभेंत कामाचें नांव, जागा व अंदाजी खर्च लिहून ठराव करावा, आणि तो वार्षिक आराखडा तयार होण्यापूर्वीं पोंचवावा. मागील वर्षीं किती जमा झालें व कोठें खर्चलें, याचा हिशेबहि मागावा. तोंडी मागणीची नोंद दप्तरांत राहत नाहीं; ठरावाची राहते.