मामा, ब्रेक घ्यायचाय!

मराठीच्या प्राध्यापकाला कोणी यंत्राविषयी सल्ला विचारील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. घरातला फ्यूज उडाला तर आमच्या सौभाग्यवती मला न सांगता थेट शेजाऱ्यांना हाक मारतात! पण गेल्या वैशाखात राळेगणसिद्धीहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"अरे, तुझ्या भाच्याला ब्रेक घ्यायचाय म्हणे. कांद्याचे सगळे पैसे त्यात घालायला निघालाय!"

"अक्का, गाडीचा ब्रेक बिघडला असेल तर तो आधी दुरुस्त केलाच पाहिजे," मी गंभीरपणे म्हणालो.

"गाडीचा नाही रे! पत्रा वाकवायचा. तू ये, तो तुझं ऐकतो."

रविवारी निघालो. पुणे-नगर हा रस्ता तसा मानाचा. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. धावली ती याच रस्त्याने. वाडेगव्हाणला वळलो आणि थोड्याच वेळात अक्काच्या दारात उतरलो. राळेगणचे नाव पाणी मोजून वापरणारे गाव म्हणून सर्वतोमुखी झाले. १९७५ साली लष्करातून परतलेले अण्णा हजारे पूर्वी सैन्यात वाहनचालक होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

भाच्याची शेड घरामागेच आहे. कोणाच्या जीपमध्ये दोन आसनांमधला कप्पा बसव, कोणाच्या व्हॅनमध्ये सामानाची कपाटे कर, कोणाला डॅशबोर्डखाली पेटी करून दे, असे त्याचे काम. पत्रा दोन लोखंडी अँगलांत धरायचा, ते शिकंज्यात आवळायचे आणि लाकडी हातोडीने ठोकत वाकवायचा. हात चांगला, पण दोन वाक एकसारखे येतील तर शपथ! महिन्यापूर्वीच एका गिऱ्हाइकाने वाकडा कप्पा परत केला होता. पत्रा गेला, मजुरी गेली, आणि अब्रूही.

"म्हणून आठ फुटी मशीन घ्यायचं, मामा. एकदाच आणि मोठंच."

आता माझ्यातला भाषाशिक्षक जागा झाला. वाकवण्याच्या यंत्राला ब्रेक का म्हणावे? अळशीचे देठ मोडून त्यांतला धागा मोकळा करण्याचे जुने लाकडी अवजार युरोपात होते, त्यालाही 'ब्रेक'च म्हणत. माझे हे विवेचन अक्काने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं, पण घ्यायचा कोणता?"

तिथे माझी विद्या संपली. सुदैवाने शेजारच्या गावात एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. सांगाड्यावर बसची काया चढवण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते आले, चहा घेतला आणि भाच्याला एवढेच विचारले, "तुझा सगळ्यांत लांब वाक किती? सगळ्यांत जाड पत्रा कोणता? आणि सगळ्यांत खोल पेटी किती?"

भाचा गप्प. मिस्त्रींनी त्याला वही काढायला लावली. वर्षभरात केलेल्या कामांचे वाक मोजले, तर चार फुटांच्या वरचे जेमतेम दोन निघाले! पत्रा बहुधा वीस किंवा अठरा गेजचा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर ते सव्वा मिलिमीटर. ॲल्युमिनियम फार तर दीड.

मग मिस्त्री मला समजेल अशा भाषेत सांगू लागले. वाकाची लांबी दुप्पट झाली की जोर दुप्पट लागतो. पण जाडी दुप्पट झाली की जोर चौपट लागतो. म्हणून यंत्रावर लिहिलेला जाडीचा आकडा कोणत्या लांबीसाठी आहे, हे आधी विचारावे. शिवाय तो आकडा साध्या लोखंडी पत्र्याचा असतो. स्टेनलेसला सुमारे दीडपट जोर लागतो.

दुसरी गोष्ट पेटीची. सरळ पात्याच्या यंत्रावर पेटीच्या दोन बाजू सुखाने वळतात. उरलेल्या वळवू गेले की आधीच उभ्या राहिलेल्या बाजू वरच्या जबड्याला अडतात. यासाठी वरचा जबडा सुट्या बोटांचा असलेले यंत्र मिळते. हवी तेवढी बोटे ठेवायची, बाकीची काढायची. उभ्या बाजूंना वाट मिळते. मऊ ॲल्युमिनियमवर बोटांच्या सांध्यांचे वळ उमटतात खरे, पण गाडीत वरून रेक्झिन चढते, मग कोण पाहतो?

"आणि पत्रा मानी असतो, प्राध्यापकसाहेब," मिस्त्री हसून म्हणाले. "नव्वद अंशांवर सोडला की थोडा मागे सरकतो. म्हणून दोन-तीन अंश जास्तच वाकवायचा." पोरांचेही असेच असते, असे माझ्या मनात आले, पण भाचा समोर होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे पुण्यातल्या एका दुकानात गेलो. मिस्त्रींनी आपला पत्रा सोबत घेतला होता. विक्रेत्याने आठ फुटी यंत्राची स्तुती आरंभली. मिस्त्रींनी पूर्ण लांबीचा वाक काढला आणि गुण्या लावला. दोन्ही टोकांना काटकोन बरोबर, मधोमध मात्र वाक उघडलेला! मधला भाग ताणाने पोटासारखा फुगला होता. "वापरलं की बसतं," विक्रेता म्हणाला. मिस्त्रींनी गुण्या खिशात घातला.

चार फुटी, सुट्या बोटांचे, हाताने चालणारे यंत्र ठरले. क्वचित लागणारा लांब वाक सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या प्रेसवर मजुरीने काढून आणायचा.

माझाही थोडा उपयोग झाला. एका गिऱ्हाइकाला बसायची जागाच बदलून हवी होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मी वाचून दाखवले. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. भाच्याने ते काम नाकारले. एअरबॅगच्या वाटेत पत्रा बसवायचा नाही आणि प्रत्येक कड दुमडल्याशिवाय काम बाहेर सोडायचे नाही, हेही त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवले. अपघातात धारदार कड कोणाचे कपाळ पाहत नाही.

कांद्याचे निम्मे पैसे वाचले. अक्काने त्यांतून विहिरीची मोटार दुरुस्त केली. मला वाटते, संसारातली पुष्कळ मोठी यंत्रे आपण त्या दोन लांब वाकांसाठीच घेत असतो. रोजचे वाक मात्र आखूडच असतात!

दसऱ्याला अक्काकडून चिवडा आला. डबा ॲल्युमिनियमचा, नव्या यंत्रावर केलेला. झाकण इतके घट्ट की उघडताना माझे नख तुटले. मी लगेच भाच्याला फोन केला.

"दोन अंश चुकले, मामा," तो म्हणाला. "दिवाळीच्या डब्याला चुकणार नाहीत."