डिस्टिलरीचा गाळ आणि कोंबडीचे आतडे



येरमाळा गटातील आपले एक सभासद मागल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. चैत्री पौर्णिमा नुकतीच झालेली, येडाईच्या यात्रेत चुनखडी वेचताना हात पोळावेत असे ऊन. म्हणाले, "डिस्टिलरीच्या टाकीत तळाला यीस्टचा गाळ बसतो म्हणं. फुकट मिळंल का? कोंबड्यांना घालायचाय." शेडमध्ये तीन आठवड्यांची ब्रॉयलर पिल्ले, त्यांना हगवण लागलेली. दुकानात कुणी यीस्टची पुडी दाखविली, तिचा भाव ऐकून त्यांना आपला कारखाना आठवला.

गाळ आम्ही दिला नाही. त्याचे कारण सर्वांनाच सांगतो, कारण उसाच्या बिलावर भागत नाही म्हणून शेड घालणारे सभासद आता बरेच आहेत.

यीस्ट ही डोळ्यांना न दिसणारी एकपेशी बुरशी. पाव फुगवते तीच, आणि डिस्टिलरीत मोलॅसिसमधली साखर खाऊन अल्कोहोल करते तीही तीच. मोलॅसिस म्हणजे काकवीसारखी काळी, चिकट असते ती. खत म्हणून आपण रानात टाकतो ती प्रेसमडची मळी वेगळी. बाजारातले यीस्टही बहुधा मोलॅसिसवरच वाढवितात, म्हणजे मूळ उसाचेच.

आता कोंबडीच्या पोटात काय होते ते पाहू. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते आणि खाद्यातला कस तीच शोषून घेते. ई. कोलाय, साल्मोनेला असल्या जंतूंना बारीक तंतू असतात. आतड्याच्या पेशीवर मॅनोज नावाची एक साखर असते, तिला हे तंतू धरून जंतू तिथे ठाण मांडतो. यीस्टच्या सालीतही तीच साखर भरपूर आहे. जंतू फसून सालीला चिकटतो आणि साल पचत नसल्याने तिच्याबरोबर विष्ठेतून बाहेर पडतो. सालीत बीटा-ग्लुकान म्हणून दुसरा पदार्थ असतो, तो पिल्लाची प्रतिकारशक्ती जागी ठेवतो. लव शाबूत राहिली की खाल्लेले अंगी लागते. पण खाद्य चार-सहा तासांत आतड्यातून निघून जाते, म्हणून यीस्ट रोजच्या खाद्यातच हवे. आज घातले, उद्या विसरले, असे करून उपयोग नाही.

पूर्वी हेच काम खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक घालून करीत. त्याने जंतू औषधाला दाद देईनासे झाले. युरोपात 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविक घालणे बंद आहे. माणसाला शेवटचा उपाय म्हणून द्यायचे कोलिस्टिन आपल्या सरकारनेही 2019 मध्ये जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यातून हद्दपार केले. यीस्टला मागणी आली ती यामुळे.

मात्र यीस्ट हे औषध नव्हे. त्या सभासदांना आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात धाडले. मेलेले पिल्लू फाडून पाहिले तर रक्ती हगवण! ती परजीवीने होते, सालीची ही युक्ती तिथे चालत नाही. ड्रिंकर गळत होता, खालचे तूस ओले राहिले होते. पुडीचे पैसे वायाच गेले असते.

गाळाने तर दुखणे वाढले असते. डिस्टिलरीच्या गाळात स्पेंटवॉशचे क्षार असतात, त्यात पालाश फार. कोंबडी पाणी जास्त पिते, विष्ठा पातळ होते, तूस आणखी ओले होते. उघड्यावर वाळविला तर त्याला दुसरी बुरशी धरते ती निराळीच. ब्राझीलमध्ये उसाच्या डिस्टिलरीतले जादा यीस्ट वेगळे काढून यंत्राने सुकवितात आणि पशुखाद्यासाठी विकतात. बादलीने उपसून नेण्याचे हे काम नव्हे.

विकत घ्यायचेच तर हिशेब आधी करा. सालीचे यीस्ट साधारण टनाला एक किलो पडते, तरी पुडीवरचे प्रमाण वाचावे. दोन किलोच्या वर वजन भरेपर्यंत हजार पक्षी साडेतीन टनांच्या आसपास खाद्य खातात, म्हणजे यीस्ट साडेतीन किलो. समजा किलोभर वजनामागे 50 ग्रॅम खाद्य वाचले, तर हजार पक्ष्यांमागे 100 किलोची बचत. शंभर किलो खाद्याची किंमत साडेतीन किलो यीस्टपेक्षा जास्त असेल तरच परवडले. जिवंत यीस्ट गोळी खाद्याच्या वाफेत मरते, साल टिकते. विक्रेत्याला हे जरूर विचारा. घरी मिसळताना किलोभर यीस्ट आधी दहा किलो मक्याच्या भरड्यात कालवावे, मग टनात.

कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी सुपरवायझरला विचारल्याशिवाय खाद्यात काहीही घालू नये. खाद्य त्यांचे, वाचले तर मोठा फायदाही त्यांचाच. तेव्हा पुडीचा खर्च आपण का सोसावा?

स्वतःचे खाद्य करणाऱ्यांनी शेडच्या मधोमध जाळी लावून अर्ध्या पक्ष्यांना यीस्ट द्यावे, अर्ध्यांना देऊ नये. दोन्हीकडचे खाद्य, वजन व मर वहीत लिहावी. बॅच निघाल्यावर ती वही गट कार्यालयात आणून दाखवावी, पुढील अंकात आकडे छापू.