एरंडेलाचा हात: घरगुती युक्त्यांचा एक आढावा

मराठी पाककृतींच्या पुस्तकांवर भरपूर लिहून झालं आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१०चं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७०ची. हे टप्पे आता नव्यानं सांगायला नकोत. पण पाककृतीच्या खाली, पानाच्या तळाशी उरलेल्या चौकटीत ज्या घरगुती युक्त्या छापून येत, त्यांचा हिशेब कुणी मांडलेला नाही. संपादकांसाठी ती जागा भरण्याची सोय होती. वाचक बायकांनी मात्र नेमकी तीच कात्रणं कापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवली. असं एक सदर मी बरीच वर्षं सांभाळलं. पोस्टकार्डांवर गिचमिड अक्षरात आलेल्या शेकडो युक्त्या वाचल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आणि ते अजून बदललेलं नाही: युक्ती कारणासकट सांगितली तरच ती टिकते आणि दुसऱ्या घरात चालते.

वरणाचंच घ्या. डाळ शिजल्याशिवाय चिंच-आमसूल घालायचं नाही, हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. का, हे फार थोड्या घरांत. आंबटामुळे डाळीच्या दाण्याचा ताठरपणा सुटत नाही, म्हणून ती कडक राहते. हे कारण ठाऊक असलेली बाई टोमॅटो घालतानाही थांबते, मटकीच्या उसळीतही थांबते. नुसता नियम पाठ असलेली वरणापुरतीच थांबते. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय अनेक गावांत होती. डाळ मऊ होते खरी, पण सोड्यानं तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. घराघरांत कुकर आल्यानंतरही ही सवय सुटू नये, याचं मला वाईट वाटतं. आतल्या वाफेचं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे सोड्याचं काम काय?

विरजणाबद्दल एवढंच की बोटाला सोसवेल इतकं कोमट, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश, हे आपल्या आज्यांचं माप अचूक होतं. अमेरिकेतल्या मराठी मुली थंडीत ओव्हनमधला नुसता दिवा लावून आत भांडं ठेवतात. त्यांना कारण कळलं आहे, म्हणून नवी युक्ती सुचली. डाग काढणं, चिंचेनं तांब्या-पितळेची भांडी उजळणं, लिंबाच्या साली, फ्रिजमधला वास: ही यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुढे जाऊ.

मला बोलायचं आहे ते साठवणीबद्दल. युक्त्यांच्या सगळ्या पसाऱ्यात खरं शास्त्र इथे आहे. ताटातला पदार्थ बिघडला तर एक जेवण वाया जातं. धान्य किडलं तर वर्ष हातचं जातं. म्हणून या बाबतीत बायकांनी जितक्या बारकाईनं पाहिलं, तितकं दुसऱ्या कशाकडे पाहिलेलं नाही.

आमच्याकडे एप्रिलअखेर गच्चीवर जुनी सुती लुगडी अंथरली जात आणि त्यावर गहू, तूर, हरभरा, मूग पसरले जात. आत्या दुपारी मधूनच वर येऊन एक दाणा दाताखाली धरायची. कट्कन तुटला तर वाळला, चेपला तर आणखी एक ऊन. दाण्यातला ओलावा कमी झाला की किड्याची वाढ खुंटते. ती दातानं हा ओलावाच मोजत होती. संध्याकाळी धान्य गोळा करून लगेच डब्यात भरायचं नाही, यावर तिचा कटाक्ष. रात्रभर घरात पसरून निवू द्यायचं. गरम धान्य डब्यात कोंडलं की झाकणाला आतून पाणी धरतं, तेच खाली टिपकतं आणि वरच्या थराला बुरशी येते. दुसऱ्या दिवशी कडधान्याला एरंडेलाचा हात. किलोला लहान चमचाभर तेल, त्याहून जास्त नाही. तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी दाणे असे चोळायचे की प्रत्येकाला चकाकी यावी पण हात काढल्यावर दाणे एकमेकांना चिकटू नयेत. वापरताना ऊन पाण्यानं धुतलं की तेल जातं.

आता यातलं कारण पाहा. अख्ख्या मुगा-चवळीवर, हरभऱ्यावर जो भुंगा पडतो, त्याची मादी अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवते. तेलाच्या पातळ थरानं अंड्याला हवा मिळत नाही, आणि गुळगुळीत दाण्यावर अंडी धड चिकटतही नाहीत. तांदूळ-गव्हातल्या सोंड्याची गोष्ट वेगळी. त्याची मादी दाण्याला भोक पाडून अंडं आत घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणून तिथे वरून तेल लावण्यापेक्षा कडक वाळवण आणि घट्ट झाकण जास्त कामाचं. कोकणात तर तांदूळ साठवतच नसत. भात साठवायचे आणि लागेल तसं कांडायचे, कारण टरफल शाबूत असलं की किड्याला आत शिरणं अवघड जातं. शेणामातीनं लिंपलेल्या बांबूच्या कणग्या, थरांमध्ये कडुलिंबाचा वाळवलेला पाला, कुठे बिब्बे. प्रत्येक भागानं आपल्या हवेला आणि पिकाला धरून रीत बसवली होती.

याच शास्त्राचं मोठं रूप पाहायचं तर सांगलीजवळचं हरिपूर. तिथे हळद जमिनीतल्या पेवांत ठेवत. तोंड अरुंद, पोट मोठं. माल भरून वरून लिंपून टाकायचं. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि आत किडा जगत नाही. म्हणूनच उघडलेल्या पेवात लगेच उतरायचं नाही, हा तिथला कडक नियम. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली. आपल्या घरी डबा काठोकाठ भरावा, अर्धा रिकामा ठेवू नये, असं सांगतात, ते याच कारणानं. लोणच्यावर बोटभर तेल राहिलं पाहिजे, तेही हवेसाठीच. मी हे सदरातून सांगत आले आणि त्याबद्दल मला कुणी जुनाट म्हटलं तरी पुन्हा सांगेन.

जुनाट म्हणणारे आहेतच. त्यांचं म्हणणं, फ्रिज आला, महिन्याचं सामान आठवड्यावर आलं, आता हे कशाला? त्यांनी बटाटे फ्रिजमध्ये ठेवून पाहावेत. थंडीत बटाट्यातल्या पिठूळ भागाची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि काचऱ्या तळताना काळ्या पडतात. टोमॅटोची चव गारठ्यात मरते. फ्रिज वापरायलाही साठवणीचं शास्त्र लागतंच. दुसरा पंथ याच्या उलट: जुनं ते सगळं शास्त्रीय. हे लोक तांदळात बोरिक पावडर आणि डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकण्याची शिफारस 'आजीचा बटवा' म्हणून करतात. बोरिक खाण्याची वस्तू नाही, पारा तर विषच. आणि काही घरांत गोदामासाठीच्या धुरीच्या गोळ्या धान्यात ठेवतात, त्यांतून निघणाऱ्या वायूनं बंद खोलीत माणसं दगावली आहेत. यापैकी काहीही घरात आणू नका.

हल्ली मोबाइलवर अर्ध्या मिनिटात दहा युक्त्या दाखवतात. टाळ्या मिळतात त्या चमत्काराला. मीठ किती, ऊन किती, कुठल्या महिन्यात, कुठल्या हवेत, यातलं काही नसतं. मुंबईच्या दमट घरात आणि अकोल्याच्या कोरड्या घरात एकच उपाय कसा चालेल? बघणारी मुलगी करून पाहते, फसते, आणि आजीचं सगळंच थोतांड होतं असं ठरवून मोकळी होते. माझा राग आहे तो यावर. त्यात नव्या इमारतींतून गच्चीला कुलूप. वाळवणानं इमारतीची शोभा जाते म्हणे. उन्हाची आठ दिवसांची परवानगी मिळावी म्हणून बायकांना सभेत अर्ज करावे लागतात, आणि तो विषय इतर विषयांत ढकलला जातो. सांडगे, कुरडया विकत मिळतील. पण दाणा दाताखाली धरायची नजर विकत मिळणार नाही, ती गच्चीवरच तयार होते.

मासिकांनीही हात झटकले. चौकट गेली, तिच्या जागी जाहिरात आली. 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं तेव्हापासून बायकांच्या मासिकांनी घरकामाकडे विचार करण्याजोगी गोष्ट म्हणून पाहिलं होतं. ती परंपरा आपण स्वस्तात सोडून दिली.

वाचकांकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात धान्य, मसाला, लोणचं टिकवण्याची जी रीत असेल ती या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या जाणत्या बाईला विचारून लिहून काढा. गावाचं नाव, धान्याची जात, महिना, तेल-मिठाचं माप आणि 'असं का' याचं तिनं दिलेलं उत्तर, एवढं त्यात हवंच. आणि संपादकांनो, पुढच्या अंकात त्यासाठी चौकट नको, चार पानं राखून ठेवा.