पिवळं म्हणजे सगळं एक नव्हे

भादवा लागला की बाभुळगावाहून बेंबळा धरणाकडे जाताना रस्त्याच्या कडेला, माळावर पिवळाच पिवळा रंग दिसतो. आम्ही कवी मंडळी ‘पिवळी रानफुलं’ एवढं म्हणून मोकळे होतो. श्रोतेहो, त्या पिवळ्यात निदान तीन झाडं निरनिराळी आहेत, आणि त्यांतलं एक लेकरांच्या जिवावर उठू शकतं.

तिघांची फुलं पाच पाकळ्यांची, भावकी एकच. लिनियसने १७५३ साली तिघांनाही ‘कॅसिया’ म्हटलं. आता ती ‘सेन्ना’ आहेत. म्हणून फुलावर जाऊ नका, पान पाहा.

तरवड हे चिवट झुडूप. पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे कानाच्या पाळीसारखी हिरवी उपपर्णं दिसतात; शास्त्रीय नावातल्या ‘ऑरिक्युलाटा’चा अर्थ कानवाली असाच. शेंग चपटी, कागदासारखी. साल कातडी कमवायला वापरत. पैनगंगेपलीकडे, तेलंगणात, हेच ‘तंगेडू’. बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत त्याला मान, आणि ते त्या राज्याचं राज्यफूलही आहे. आपल्याकडे मात्र त्याला सरपणापलीकडे कोण विचारतो!

तरोटा ओळखीचा. पहिल्या पावसानंतर कोवळ्या पाल्याची भाजी आपल्याकडे घरोघरी होते. पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाशी गोल व रुंद. रात्री त्या मिटतात. शेंग वीतभर, बारीक, विळ्यासारखी वाकडी.

तिसरा कासविंदा. पर्णिकांच्या चार-पाच जोड्या, टोकदार. देठाच्या बुडाशी एक गाठ. पान चुरगाळलं की घाण वास. शेंगा चपट्या, कडा फिकट. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरला की वर्षानुवर्षं लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत. सगळे त्याला मेंदूज्वर समजत. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा मुलांनी खेळता खेळता याच शेंगांतल्या बिया खाल्ल्याचं दिसलं. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये २००७ साली ते छापून आलं. हे विष यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर जातं.

तेव्हा भाजी खुडताना आधी जोड्या मोजा. चार-पाच आणि टोकदार दिसल्या तर हात मागे घ्या. अंगणातला, शाळेच्या कुंपणालगतचा कासविंदा शेंगा धरण्याआधीच मुळासकट उपटा.