आधी सोल्फेज, मग सवाल-जवाब

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जाझ बँड घेऊन आला. पुढच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये जाझ वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. त्यामागे गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांची परंपरा होती.

पोर्तुगीज अमलात रुजलेल्या या पॅरिश शाळांत मास्तर, म्हणजे 'मेस्त', धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवत. वाद्य लगेच हाती पडत नसे. आधी सोल्फेज: कागदावरचा सूर वाचायचा, नावानिशी गायचा, हाताने ताल मोजायचा. ते जमले की व्हायोलिन. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच वातावरणात वाढले आणि पुढे मुंबईत संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू झाले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवू लागले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संगीतकार सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' चित्रपटातल्या (1951) पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांत त्यांचा वाटा होता.

चर्चमध्ये मात्र कागदावरचा सूर बदलायची मुभा नव्हती. जाझमध्ये मूळ धून वाजवून झाली की प्रत्येकाला पाळी मिळते. तिचा सांगाडा धरून त्याने आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. हे वहीतून येत नाही, समोर बसलेल्या वादकाकडून उचलावे लागते. म्हणून लहान मुलांना जाझ दाखवायचा तर त्यांना नुसते श्रोते करून चालत नाही. शिकागोच्या गायिका एला जेन्किन्स यांनी हे ओळखले होते. जाझगायक कॅब कॅलोवेचा श्रोत्यांशी चालणारा सवाल-जवाब त्यांना भावला होता. 1957 साली त्यांनी त्याच पद्धतीची मुलांसाठीची रेकॉर्ड काढली.

आपल्याकडे, समजा ताडोब्याच्या जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्ली गावातल्या शाळेत, मुलांसाठी जाझचा असा कार्यक्रम न्यायचा, तर सवाल-जवाब शिकवावा लागणार नाही. भजनात बुवा ओळ टाकतात, बाकीचे उचलतात, हे गावातल्या पोरांच्या कानावर असतेच. या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन आणि तबलाही प्रत्यक्ष वाजतो. तेव्हा ढोलकीवाल्याने चार मात्रांचा ठेका धरावा. मुलांच्या टाळ्या आधी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतील. त्या दुसऱ्या-चौथ्यावर नेल्या की ठेक्याला जाझचा झोका येतो. मग ट्रंपेटने चार मात्रांचा सवाल टाकावा, वर्गाने जवाब द्यावा. शेवटी एकेका मुलाला चार मात्रा द्याव्यात: त्यात काय वाजवायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

एका दुपारच्या कार्यक्रमाने कुतूहल जागे होईल, वादक घडणार नाहीत. गोव्यात ते घडले, कारण मेस्त गावातच असे. म्हणून पाहुण्या वादकांनी जाण्यापूर्वी हा चार मात्रांचा खेळ शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना शिकवून जायला हवा.